मागणी आल्याशिवाय न्हाई

लिंबाजीमामांच्या घरी जो पाहुणा 'नको' म्हणतो, तो उपाशी उठतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सख्खी आई त्या घरातून अर्धपोटी उठलेली आहे. ती शहागडहून मला भेटायला आली होती आणि मामांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं होतं. मामा माझे घरमालक. विधुर आहेत, पण हाताला चव आहे. भरलं वांगं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गोडाला शेवयांची खीर असा बेत होता. आईची पहिली भाकरी संपत आली तशी मामांनी टोपल्यातली दुसरी उचलली आणि विचारलं, "वाढू का?"

आई म्हणाली, "नको नको, बास झालं."

या 'नको नको'चा अर्थ 'वाढा, पण जरा आग्रह करून वाढा' असा असतो, हे आपल्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. मामांनी "बरं" म्हणून भाकरी परत ठेवली आणि टोपलं झाकून आत नेलं. खिरीच्या वेळी आई सावध झाली होती, पण जन्माची सवय ऐन वेळी आडवी आली. "खीर?" "नको, कशाला उगीच..." आणि खीरही गेली. वर माझ्या खोलीत आल्यावर आईनं मला पिठलं टाकायला लावलं आणि ते खाता खाता म्हणाली, "माणूस हाय का कोण हाय गं ह्यो?"

दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठलं. "मामा, आमची आई काल अर्धपोटी राहिली."

"मागणी आली न्हाई, मॅडम."

"अहो, बायामाणसं आधी नकोच म्हणतात."

"मंग हो कव्हा म्हणतेत?"

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही आणि माझ्या आईला अजून सुचलेलं नाही.

लिंबाजीमामा म्हणजे परतूरजवळच्या आष्टीचे केबलवाले, सगळ्या गावाचे मामा. मी इथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खालच्या पुढच्या खोलीत त्यांचं 'कंट्रोल' आहे. गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या टीव्हीला जे काही दिसतं, ते याच खोलीतून जातं. खोलीला एसी आहे, पण तो यंत्रांसाठी. मामा स्वतः बाहेर ओट्यावर पंच्यानं वारा घेत बसलेले असतात. "त्यायला गर्मी सोसत न्हाई," असं ते यंत्रांबद्दल सांगतात, आणि तेही घरात बाळंतीण असल्यासारखं हळू आवाजात. तरुणपणी ते तारा खांद्यावर टाकून खांबांवर चढायचे. आता साठी ओलांडली, गुडघे गेले, आणि चष्म्याची एक काडी केबलच्याच तारेनं बांधलेली आहे.

मामांचं सगळं तत्त्वज्ञान त्या खोलीतल्या एका यंत्रातून आलेलं आहे. त्याला स्विच म्हणतात. स्विच म्हणजे बटण नव्हे. तशी चूक मी एकदा केली आणि संबंध संध्याकाळ ऐकून घेतलं. ही एक चपटी लोखंडी पेटी असते. समोर रांगेनं भोकं, प्रत्येक भोकातून एक तार निघते आणि एकेका घराला किंवा गल्लीला जाते, आणि भोकावर हिरवा दिवा लुकलुकत असतो.

"हे बघा मॅडम," मामा सांगतात, "गावात सांगायच्या तीन तऱ्हा. दवंडी पिटली, समद्यायला ऐकू गेलं. पाह्यजे त्याला बी अन नको त्याला बी. चिठ्ठी धाडली, एकालाच गेलं. अन तिसरं आवतण. सैपाक एकच, कढई एकच, पण पान कोणाच्या म्होरं? ज्यानं 'येतो' म्हणलं त्याच्या. बराबर? ह्या तिसऱ्याला मल्टिकास्ट म्हणतेत."

साधा स्विच दवंडीवाला असतो. वरून बातम्यांचा चॅनल आला की तो बघत नाही कुणाला हवा, कुणाला नको. सगळ्या भोकांतून सोडून मोकळा होतो. असे सगळे चॅनल सगळ्या तारांत घुसले की तारा तुंबतात आणि चित्राच्या चिंध्या होतात. मामांचा स्विच मात्र शहाणा. शेजारच्या बनसोड्यांकडे कुणी बातम्यांचा नंबर दाबला की त्यांच्या टीव्हीखालचा डबा वर मागणी पाठवतो. ती जाता जाता स्विच कान देऊन ऐकतो आणि फक्त त्याच तारेत बातम्या सोडतो. दहा घरांनी मागितल्या तरी वरून प्रवाह एकच येतो. स्विच त्याच्या प्रती काढून मागणाऱ्यांना वाटतो. ज्या गल्लीनं मागितलं नाही, तिकडे काही जात नाही.

"बोलत न्हाई, नुस्ता ऐकतो," मामा कौतुकानं म्हणायचे. "मागितलं त्याला द्यायचं. न्हाई मागितलं त्याच्या दारात नेऊन वतायचं न्हाई. माणसाला येवढं जमलं ना मॅडम, तर गावातली निम्मी भांडणं मिटतेत."

इथवर ठीक होतं. पण मामांनी स्विचला गुरू केलं आणि गावात भांडणं वाढली. ओट्यावर चार माणसं बसली की मामा एकदाच विचारतात, "चहा कोणाला?" जो बोलला त्याचा कप येतो, बाकीचे त्याच्या कपाकडे बघत बसतात. लोक आता शहाणे झालेत. ओट्याची पायरी चढतानाच "माझा एक" म्हणून चढतात. एकदा मामा दुखवट्याला गेले होते. घरच्यांनी रीतीप्रमाणं म्हटलं, "कशाला तरास घेतला मामा, एवढ्या उन्हाचं." मामा "बरं" म्हणाले आणि टेकलेसुद्धा नाहीत, आल्या पावली माघारी फिरले. त्या घरानं पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मामांना त्याचंही काही नाही. "बोलत न्हाईत, म्हणजे त्यायला नको आसंल," म्हणाले.

पण खरा कहर झाला तो बनसोड्यांच्या नातवाच्या बारशाला.

आमच्याकडे रीत अशी, की जेवणाचं आवतण सकाळी द्यायचं, आणि स्वयंपाक तयार झाला की पुन्हा घरोघर जाऊन बोलावणं करायचं. सकाळच्या आवतणाला सगळे "येतो" म्हणतात, पण बोलावणं आल्याशिवाय कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. नुसत्या आवतणावर जाऊन बसणं म्हणजे हावरटपणा. बनसोड्यांनी हे काम विश्वासानं मामांकडे सोपवलं होतं, आणि आवतण चूलबंद होतं, म्हणजे अख्ख्या घरादाराला. त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. मामांनी सकाळी सगळी आळी पालथी घातली, सगळ्यांचं "येतो" घेतलं आणि ओट्यावर येऊन बसले.

दुपार कलली. इकडे मांडवात भाताला खपली धरली, आणि तिकडे माणसं धुतलेले कपडे घालून आपापल्या घरात बोलावण्याची वाट बघत बसलेली. कुणाच्याच घरात चूल नाही. लेकरं भुकेनं रडायला लागली, तेव्हा बनसोडे स्वतः धोतराचा सोगा धरून गल्लीत धावत सुटले.

"मामा, बोलावणं केलं न्हाई?"

"समदे 'येतो' म्हणलेत की. मंग यावं. एकाच माणसाला दोनदा कशाला इचारायचं?"

बनसोड्यांनी त्या दिवशी मामांना जे सुनावलं, ते मराठीच्या शिक्षिकेनं लिहू नये.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे खरी, पण यात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती, आणि तिच्यामुळं मला मामांचा खरोखर राग यायचा. मामांना एक थोरली बहीण आहे. सोजरआक्का. पार तिकडे भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. आई लवकर गेली म्हणून आक्कानंच मामांना वाढवलं. तिला ना मूल ना बाळ, नवराही जाऊन खूप वर्षं झाली. दरवर्षी भाऊबीजेला मामा परतूर, जालना, भोकरदन अशा गाड्या बदलत तिच्याकडे जायचे, आणि तेवढा एकच दिवस दोघांना एकमेकांचं माणूस असायचं. आणि आता दोन दिवाळ्या झाल्या, मामा गेले नव्हते.

"आक्का नको म्हणली," त्यांनी मला सांगितलं, पावसाची बातमी सांगावी तसं.

"नेमकं काय म्हणाल्या?"

"म्हणली, आता नको येत जाऊस बाबा. तुझ्यानं व्हत न्हाई, माझ्यानं व्हत न्हाई. मी म्हणलं बरं. अन आलो."

"आणि लगेच सोडलंत? मामा, त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्या 'नको'चा अर्थ..."

"मॅडम," मामा चष्मा काढून पुसत म्हणाले, "माझ्यानं व्हत न्हाई म्हणली ती. थकली. मी गेलो की पुरण घालती, पाणी तापवती, दिवसभर उभी. मागणी न्हाई तर कशाला जाऊन तिच्या जिवाला घोर?" आणि ते आत एसीत निघून गेले, जिथं एरवी ते कधी बसत नाहीत.

या गोष्टीचा उलगडा मला इस्माईलभाईंनी केला. इस्माईलभाईंचं समोर वेल्डिंगचं दुकान आहे, आणि ते मामांचे शाळेपासूनचे सोबती. मी त्यांच्यापाशी मामांची तक्रार केली, तर त्यांनी तोंडावरची वेल्डिंगची काच वर सारली आणि म्हणाले, "मॅडम, ये आदमी पहले ऐसा नव्हता."

"म्हणजे?"

"पहले इसके घर जेवायला जायचं म्हणजे हमको डर लगता था. पुरणपोळी पे पोळी. नको बोला तो हात पकडके तोंडात कोंबायचा. एक बार तो मैं भिंत धरके घर गया. पूछो मेरी बीवी को." ते हसले आणि मग हसायचे थांबले. "आक्का नको बोली ना, ये सब उसके बाद का है. स्विच-बिच सब बहाना है, मॅडम. इसको लग गयी वो बात."

म्हणजे मामांनी आधी स्विचकडून शिकून मग आक्काला सोडलं, असं नव्हतं. आक्काचं 'नको' आधी लागलं होतं, आणि ती ठणक झाकायला त्यांना स्विच सापडला होता. सगळ्या जगाला एकच नियम लावला की आपल्याला लागलेलं एकट्याचं राहत नाही. हे कळल्यावर मी मामांवर चिडणं कमी केलं. अगदी सोडलं नाही, कारण चहाचा प्रश्न रोजचा होता.

यंदा दसऱ्याच्या आधी परतीच्या पावसात जवळच वीज पडली आणि मामांचा जुना स्विच जळाला. मामांनी दोन दिवस दाढी केली नाही. मग छत्रपती संभाजीनगरहून नवा स्विच आणला, तारा एकेक करून त्यात खोचल्या, ऐकण्याचं काम त्याला नीट शिकवलं, आणि गाव पुन्हा टीव्हीपुढं बसलं. त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता.

चार-पाच मिनिटं चित्र झकास. मग गोलंदाज धावत आला आणि तसाच एक पाय वर करून थांबला. सगळ्या गावात थांबला. लोकांनी शिव्या घातल्या, कुणीतरी चॅनल बदलून परत आणला, आणि गोलंदाज खाली उतरला. पुन्हा चार-पाच मिनिटं. पुन्हा ठप्प. गावानं आपल्या परीनं इलाज शोधला: चॅनल बदलायचा आणि परत यायचं. संध्याकाळपर्यंत घराघरांत एकेक माणूस रिमोटवर नेमला गेला. मामांच्या गावच्या चॅनलवर लग्नाची कॅसेट बघणाऱ्या एका बाईंची तर दर वेळी मंगलाष्टकंच अर्धी राहत होती. ओट्यापुढं गर्दी जमली. "मामा, पैशे घेताना बंद पडत न्हाईत तुमी," असंही एकजण बोलून गेला.

मामा गोंधळून गेले होते. खोलीत जात, दिवे बघत, बाहेर येत. "मागणी येऊन राह्यली, देऊन राह्यला, अन मंग आपल्याच मनानं बंद करून राह्यला. ह्याला झालं काय?" तीस वर्षं या गावाला चित्र दाखवलेला माणूस भर गर्दीत एकटा पडल्यासारखा दिसत होता, आणि मला त्यांची फार कीव आली. मी गर्दीला घरी पाठवलं. शाळेतला आवाज अशा वेळी कामाला येतो.

शेवटी स्विच विकणाऱ्या दुकानाच्या इंजिनिअरला फोन लागला. मामांनी तो स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकला.

"काका," तो म्हणाला, "ऐकणं चालू आहे, पण तुमच्या नेटवर्कमध्ये विचारणारं कुणीच नाही."

"इचारणारं म्हंजी?"

"स्विच एकदा मागणी ऐकतो, पण ती कायमची धरत नाही. घरचा माणूस टीव्हीचं बटण बंद करून झोपून गेला असेल, तर उगाच कशाला पाठवायचं? म्हणून कुणीतरी दर थोड्या वेळानं सगळ्यांना विचारावं लागतं, 'अजून बघताय का?' डब्यांकडून 'हो' आलं की पुढं चालू. विचारलंच नाही तर उत्तर येत नाही, आणि उत्तर नाही म्हणून स्विच बंद करतो. नव्या स्विचमध्ये ते विचारणं तुम्हाला चालू करायला लागतं. तुमचा जुना ते आपोआप करत असणार."

"जुना तर नुस्ता ऐकायचा," मामा म्हणाले.

"नाही काका. तोही विचारायचा. सारखा विचारायचा. तुम्हाला माहीत नसेल."

त्यानं सांगितलं तसं मामांनी कॉम्प्युटरवर दोन-तीन ठिकाणी खुणा केल्या. ओट्यावरून समोरच्या घरातला टीव्ही दिसत होता. चार-पाच मिनिटं गेली, दहा गेली, गोलंदाज काही थांबला नाही. मामा पायरीवर बसले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते मामांच्या बाबतीत अगदी खरं निघालं होतं, आणि मी हे तोंडावर म्हणणारच होते. पण त्यांचं तोंड बघून थांबले.

"येवढी वर्षं," मामा म्हणाले, "मला वाटलं त्यो नुस्ता ऐकतो. त्यो दिसभर दारोदार इचारत व्हता की."

"बनसोड्यांचं बारसं आठवतं का, मामा?"

"आवतण दिल्तं. बोलावणं न्हाई केलं."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आणि आक्कांना दोन वर्षांत परत कधी विचारलंत?"

मामा उठून घरात गेले आणि मला वाटलं, झालं, आता आपल्याला दुसरी खोली बघावी लागणार.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून फोनवरचा आवाज आला. मामा फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्यामुळं कान लावायची गरज नव्हती. "आक्का, भाऊबीजेला येऊ का?" पलीकडून बहुधा नकोच आलं. "बरं." फोन बंद. दोन दिवसांनी पुन्हा, "आक्का, येऊ का?" पुन्हा "बरं." मग आणखी एकदा. माणूस एकदा नियमाला लागला की लागला. दिवाळी जवळ आली तसे फोन वाढले, आणि एकदा पलीकडचा आवाजही मला वरपर्यंत ऐकू आला: "काय रे, सारखा सारखा फोन करून राह्यलास! कामंधंदे न्हाईत का तुला?"

धनत्रयोदशीला मामा जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळं ते कधी वर येत नाहीत. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "मॅडम, एक उत्तर आलंय. ते कशात धरायचं?"

"काय म्हणाल्या?"

"मी इचारलं, येऊ का. तर नको बी म्हणली न्हाई अन हो बी म्हणली न्हाई. म्हणली, 'गुडघे कसे हायेत तुझे?'"

मी म्हटलं, "मामा, हे 'हो' आहे."

"पण हो म्हणली न्हाई ना."

"अहो मामा!" मी इतक्या जोरात ओरडले की खाली इस्माईलभाईंचं वेल्डिंग थांबलं. "आयुष्यात कधी कुठली बाई धडधडीत 'हो' म्हणालेली ऐकलीय का तुम्ही? गुडघे विचारतायत म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढं तुम्ही गाडीतून उतरताय. निघा!"

एसटीनं जायला मी बंदी केली. इस्माईलभाईंनी त्यांची जुनी जीप काढली, आणि मलाही तिथल्या रेणुकाईचं दर्शन घ्यायचंच होतं, म्हणून मी बसले. भाऊबीजेला सकाळी निघालो. जालना मागं टाकून भोकरदनच्या रस्त्याला लागलो. तेव्हा मामा एकदम म्हणाले, "इस्माईल, तिनं सैपाक केला नसंल. रस्त्यात कायतरी घेऊ का?"

"चुपचाप बैठ," इस्माईलभाई म्हणाले.

पिंपळगावात शिरताना जिथं बस थांबते, तिथं एक चहाची टपरी आहे. टपरीच्या बाकावर टोकाला एक वाळकी, उंच म्हातारी मांडीवर कापडी पिशवी धरून बसली होती. तिचं तोंड रस्त्याकडं होतं, पण ती बसची वाट बघत असावी, जीपकडं तिचं लक्ष नव्हतं. मामांनी इस्माईलभाईंचा खांदा दाबला. जीप थांबली तरी ते लवकर उतरले नाहीत.

मी आधी उतरले. टपरीवाला माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "आजीकडं आल्या का तुमी? गेल्या दोन भाऊबीजेला बी अशीच बसली व्हती. जालन्याकडची शेवटची गाडी यीस्तोवर बसती, मंग उठून जाती. इचारलं तर म्हणती, चहाची पत्ती न्यायला आले."

मागून मामा दांडा धरून, एकेक पाय टाकत उतरत होते. आक्कानं वळून बघितलं. ती उठली नाही. मामा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"आलास व्हय," ती म्हणाली.

"आलो."

"मी नको म्हणले व्हते ना?"

"व्हय."

"मंग दोन वर्सं कुठं व्हतास रे, मुडद्या?" आणि तिनं बसल्या बसल्या त्यांच्या दंडावर एक चापट मारली. "तुझे गुडघे बघून म्हणले मी. गाडीतून उतरताना असा दांडा धरून उभा ऱ्हायचास, मला बघवत नव्हतं. नको म्हणलं की बसलाच घरी!"

"मला वाटलं तुझ्यानं सैपाक व्हईना."

"माझ्यानं? तुझा सैपाक?" एवढं म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि मामा तिच्या शेजारी बाकावर बसून लहान पोरासारखे रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. इस्माईलभाई पाठ फिरवून जीपचं टायर दाबून बघत होते.

मग आक्कानं नाक पुसलं आणि मामांना बाकावर नीट, पूर्वेकडं तोंड करून बसवलं. मी म्हटलं, "आक्का, घरी चला ना, घरी ओवाळा."

"इथंच," ती म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं पितळी निरांजन निघालं, त्यात तुपात भिजवलेली वात आधीच घातलेली. मग कुंकवाची डबी, दोन सुपाऱ्या, अक्षता, काड्याची पेटी, आणि डब्यात चार करंज्या. टपरीवाल्यानं न सांगता एक ताटली धुऊन पुढं केली. मामांनी टोपी सारखी केली. आक्कानं इस्माईलभाईंनाही हाक मारली, "तू बी बस रे, उभा काय," आणि ते डोक्यावर रुमाल टाकून मामांच्या शेजारी बसले. रस्त्यावरून ट्रक जात होते, वाऱ्यानं ज्योत टिकेना, म्हणून मी ओढणी आडवी धरली. आक्कानं दोघांनाही ओवाळलं आणि दोघांच्याही तोंडात अख्खी अख्खी करंजी कोंबली, काही न विचारता.

सामान पिशवीत भरून आम्ही जीपकडं निघालो, तेव्हा टपरीवाल्यानं पुडा हातात धरून मागून विचारलं, "आजी, पत्ती ऱ्हायली की!"

"ऱ्हाऊ दे," आक्का मामांचा हात धरून चालत म्हणाली. "घरात डबाभर हाय."